खुंटीवरचा पट्टा

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी जीवन विधाते नाशिकच्या फुलबाजारात टेम्पोतून झेंडूची पोती उतरवत होता. त्याच्या शर्टाच्या खिशात गोटी सोड्याच्या बाटलीच्या तोंडातून काढलेली एक रबरी चकती होती. दर पोत्यानंतर हात पुसून तो ती चाचपून बघत होता.

सन २००४ च्या नवरात्रातला सोमवार. दसरा तोंडावर आलेला, त्यामुळे पोतं जमिनीला टेकायच्या आत गिऱ्हाइकं त्यात हात घालत होती. अशा दिवसांत जीवनची नजर तराजूच्या काट्यावरून हलत नाही. त्या दिवशी मात्र लंकाबाईने पिवळा झेंडू मागितला आणि त्याने भगवा मापून दिला. लंकाबाई हार करून विकते आणि त्याच्या वडिलांच्या वेळेपासून फुलं त्यांच्याच मळ्यातली घेते. तिने पाटीत बघितलं, मग त्याच्याकडे.

"काय रे जीवन, झोपेत हाय का?"

"चुकलं मावशी. आण इकडं."

"काल देवळ्याला तुझी सतार पडली म्हणं."

"गिटार."

"तेच ते. उभं राहून वाजवायचंच कशाला म्हणते मी? आमच्या भजनातले लोक मांडी घालून बसतात. कुणाचं काय पडत नाय."

बातमी बाजारात त्याच्या आधी पोचली होती. कांद्याच्या गाडीवरचा कुणी देवळ्याहून पहाटे आला असणार. जीवनने पिवळी फुलं मापली. गिटार का पडते, हे त्याला माहीत नव्हतं.

जीवन तेव्हा सदतीस वर्षांचा होता. सकाळी मखमलाबादच्या मळ्यातली फुलं आणि भाजी बाजारात, शनिवार-रविवार संध्याकाळी 'स्वरमोहर' या ऑर्केस्ट्रात बेस गिटार, असं त्याचं दहा वर्षं चाललेलं होतं. ऑर्केस्ट्रात तो फुलांमुळेच आला. १९९१ साली स्टेजच्या सजावटीच्या माळा घेऊन तो तालमीच्या खोलीवर जायचा आणि माळा देऊन झाल्यावरही रेंगाळायचा. तेव्हाचे बेसवाले शरणपूर रोडचे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी त्याला मोकळ्या वेळात बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं. तीन वर्षांनी ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि जाताना गिटार त्याला देऊन गेले.

बेस गिटार ही ऑर्केस्ट्रातली सर्वांत दुर्लक्षित चीज. तिला चारच तारा, जाड्या. ती वाजत असते तेव्हा ऐकणाऱ्याला ती वाजतेय हे कळत नाही. थांबली की काहीतरी गेल्यासारखं वाटतं, पण काय गेलं ते सांगता येत नाही. वजनाला मात्र ती भारी. डाव्या खांद्यावरून पट्टा जातो आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांना एकेक भोक असतं. गिटारच्या अंगावर पोलादाची दोन छोटी बटणं असतात, त्यांवर ती भोकं दाबून बसवायची. एवढ्यावरच सगळा भार.

जीवनच्या गिटारचा पट्टा बैलाचा होता. १९९६ साली विधात्यांनी बैलजोडी विकली आणि टेम्पो घेतला. बैलांची घुंगरं कुणी तरी मागून नेली, पण घुंगरं ओवलेला चामडी पट्टा मागे राहिला. रुंद, जाड, कमावलेलं चामडं. जीवनने पंचवटीत एका चांभाराकडून त्याची बक्कल काढून घेतली, दोन टोकांना भोकं पाडून घेतली आणि तो गिटारला लावला. गिटारची पिशवी तोकडी होती, पट्ट्यासकट ती बंद होत नसे. म्हणून कार्यक्रमाहून आला की तो पट्टा काढून गोठ्यातल्या खुंटीवर अडकवायचा. गोठ्यात आता टेम्पो उभा राहत होता, खुंटी मात्र तीच होती. आठ वर्षांत पट्ट्याने कधी तक्रार केली नव्हती.

पहिल्यांदा तो निसटला त्या वर्षीच्या गणपतीत, नाशिक रोडच्या एका कॉलनीत. शनिवार होता. वरच्या बटणावरून भोक सरकलं, गिटारचं डोकं फळीवर आपटलं आणि तार पिळायची एक खुंटी वाकली. ढोलताशा इतका जोरात चालला होता की चौघांपलीकडे कुणाला समजलं नाही.

दुसऱ्यांदा देवळ्याला, रविवारी. व्यापाऱ्यांच्या मंडळाचा कार्यक्रम, पुढच्या रांगेत पाहुणे. गाणं शेवटच्या कडव्यात होतं. या वेळी गिटार शेजारच्या काँगोच्या ढोलावर पडली आणि स्पीकरमधून असा आवाज आला की लोकांना वाटलं गाणं संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. गायिका अर्ध्या ओळीत थांबली, तिने नमस्कार केला.

ऑर्केस्ट्राचे मालक कारभारी निकम, सगळे त्यांना अण्णा म्हणत, परतीच्या वाटेवर चांदवडला चहाला थांबले. चहा घेतल्यावर त्यांनी विषय काढला.

"जीवन्या, दोन झाले."

"हो अण्णा."

"टाळ्या पडल्या म्हणून वाचलो. योगेशच्या नव्या कीबोर्डात बेसचा आवाज हाय. डाव्या हातानं बेस, उजव्यानं बाकीचं. गाडीत एक माणूस कमी, एक पेटी कमी. मी आजवर ते केलं नाय. पण तिसऱ्यांदा पडली, की बेस योगेश वाजवणार. दिवाळीनंतर लग्नाच्या तारखा लागतात, मला आत्ताच ठरवायला लागंल."

कीबोर्डवाला योगेश समोरच बसला होता. तो चहाच्या ग्लासात बघत राहिला. मग गाडीत चढताना त्याने जीवनच्या हातात ती रबरी चकती ठेवली. "जीवनभाऊ, ही बटणावर पट्ट्याच्या वरून दाबून बसवा. मी एकाला बघितलंय करताना. आणि खरं सांगतो, मला तुमचा बेस नको. माझा डावा हात आधीच दुखतो."

सोमवारी दुपारी मळ्यावर जाऊन जीवनने चकती लावून बघितली. बसली. गिटार गळ्यात घालून तो अंगणात दोन फेऱ्या हलकेच नाचला. पट्टा जागचा हलला नाही. तिसऱ्या फेरीला चकती उडाली आणि कोंबड्यांमध्ये जाऊन पडली.

"अहो," दारातून त्याची बायको मंजुषा म्हणाली, "हे काय चाललंय?"

"बघतोय."

"बघा. आणि ते कार्यक्रमाचे मोतिया शर्ट आहेत ना, त्यांच्या डाव्या खांद्यावर तेलाचे डाग पडतात. घासून घासून माझे हात गेले. डोक्याला तेल जरा बेतानं चोपडा."

जीवनने त्या दिवसापासून डोक्याला तेल लावणं सोडलं. ही एक गोष्ट तरी त्याच्या हातात होती.

दसरा झाला, झेंडू संपला आणि त्याला विचार करायला सवड मिळाली. विचार जितका केला तितका गुंता वाढला. दर गुरुवारी तालीम असते. तालमीत गिटार कधीच पडली नव्हती. तोच माणूस, तीच गिटार, तोच पट्टा. ढोलकीवाल्याचं म्हणणं, स्टेजवर लाईटची उष्णता असते, चामडं फुगतं. अण्णांचं म्हणणं, स्टेजवर बायामाणसं बघतात म्हणून तू जास्त डोलतोस. योगेश म्हणाला घाम. जीवनला तिन्ही पटलं आणि तिन्हींत खोट दिसली. लाईट आठ वर्षं होते. घामही होता. डोलण्याबद्दल त्याला खात्री नव्हती, म्हणून त्याने मंजुषाला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही? तुम्ही स्टेजवर विजेच्या खांबासारखे उभे असता."

यावर इलाज असतो, त्याला स्ट्रॅप लॉक म्हणतात, हे योगेशने सांगितलं. मेन रोडवर वाद्यांचं एक जुनं दुकान आहे. तिथे तबले, पेट्या, भजनाचे टाळ हेच मुख्य; गिटारचं सामान वरच्या फळीवर एका पत्र्याच्या डब्यात. दुकानदाराने डबा खाली काढून काउंटरवर उपडा केला.

"हे प्लास्टिकचं. पट्टा बटणावर चढवला की वरून ही चकती फिरवायची. खाच मिटते."

"मग पक्कं बसतं?"

"बसतं."

"उलटं फिरून सुटत नाय का?"

"सुटू शकतं. तुम्ही किती हलता त्यावर हाय."

"मी हलत नाय."

"मग तुम्हाला लॉक कशाला पाहिजे?"

जीवनने दुसरा तुकडा उचलला. हा पोलादी होता. गिटारवरची जुनी बटणं काढून याची बटणं बसवायची, पट्ट्याच्या भोकात याचा दुसरा भाग नटाने आवळायचा, मग एक नालासारखा तुकडा दुसऱ्यावर सरकवला की खटका पडतो.

"हा चांगला," दुकानदार म्हणाला. "फक्त याचा नट ढिला होतो. दर कार्यक्रमाआधी बघायचा."

"आणि नाय बघितला तर?"

"तर पडंल."

"मग हा?"

"हा पिनेचा. याच्या पिनेत छोट्या गोळ्या असतात. टोक दाबून आत घालायचं, सोडलं की गोळ्या बाहेर येतात आणि आतून अडकतात. जोर लावला तरी निघत नाय."

"मग हाच चांगला की."

"हाच. धूळ गेली तर गोळी अडकते, एवढंच."

"अडकली तर?"

"तर निघत नाय. पट्टा गिटारलाच राहतो."

"म्हणजे पडत नाय ना?"

"निघत नाय म्हटल्यावर पडंल कशी? पण मग सगळं पिशवीत कसं घालणार?"

जीवन काउंटरशी उभा राहून एकेक तुकडा दाबत, फिरवत, सोडत राहिला. मागे एक गृहस्थ तबल्याला पुडी चढवून घ्यायला थांबले होते. त्यांनी घड्याळात बघितलं. दुकानदाराने विचारलं, "पट्टा आणलाय का सोबत?"

"नाय. घरी खुंटीवर हाय."

"कसला?"

"चामड्याचा. जाड. बैलाचा होता."

"मग पट्ट्याची काळजी नको. बैलाला धरून ठेवणारं चामडं ते, गिटारनं त्याला काय होतंय?"

हे दोघांनाही पटलं. सगळ्या गोंधळात तेवढी एक गोष्ट पक्की झाली, आणि पुढच्या दोन खेपांनाही जीवन दुकानात गिटार घेऊन गेला, पट्टा घेऊन गेला नाही.

तिसऱ्या खेपेला त्याने पिनेचं लॉक घेतलं. कारण दुकानदाराच्या सांगण्यात नव्हतं, ते त्याला जुवात सापडलं. बैल जुंपताना जुवाच्या भोकात एक दांडकं घालतात, त्याला शिवळ म्हणतात, आणि गळ्याखालचं जोतं तिला अडकवतात. त्याचे वडील फकिरा सांगायचे की शिवळ आरपार गेलेली असली की बैलानं कितीही हिसका दिला तरी जोतं सुटत नाही. पिनेचं लॉक हे त्यातल्या त्यात शिवळीसारखं होतं. आरपार जाणारं. खरेदी महाग पडली. घरी त्याने ती सांगितली नाही.

बुधवारी दुपारी त्याने गिटारवरची जुनी बटणं काढली, स्क्रूची भोकं मोठी झाली होती त्यांत काडेपेटीच्या काड्या आणि गोंद भरला आणि नवी बटणं बसवली. पट्ट्याच्या भोकात लॉकचा भाग घालून नट आवळला. आवळताना चामडं बोटाखाली फार मऊ लागलं. लोण्यासारखं. चांगलं कमावलेलं आहे, असं त्याला वाटलं.

गुरुवारी तालमीत सगळ्यांनी लॉक बघितलं. ढोलकीवाल्याने पट्टा धरून दोन हिसके दिले. अण्णांनी एक दिला. काही झालं नाही. जीवनने तालीम संपल्यावर टोक दाबून पट्टा सोडवला. खट्ट असा आवाज आला आणि योगेश म्हणाला, "भारी हाय."

रविवारी आडगावला एका ट्रॅक्टरच्या दुकानाचं उद्घाटन होतं. संध्याकाळी सात वाजता कार्यक्रम सुरू झाला. पहिली चार गाणी सरळ गेली. पाचव्याला जीवनला खांद्यावर वजन कमी झाल्यासारखं वाटलं. त्याने खाली बघितलं तेव्हा गिटार त्याच्या गुडघ्यावर टेकली होती, डावा हात आपोआप तिच्या मानेभोवती गेला होता आणि पट्टा खांद्यावरून मोकळा लोंबत होता. लॉक गिटारमध्ये जागच्या जागी होतं, घट्ट, नटासकट. चामड्याच्या भोकातून अख्खा नट बाहेर आला होता. एका पायावर उभा राहून, गिटार मांडीवर पेलत त्याने गाणं पुरं केलं. पुढच्या रांगेतल्या काही जणांना तो नाच वाटला.

मध्यंतरात अण्णांनी लॉक बोटाने हलवून बघितलं.

"कुलूप शाबूत हाय."

"हो."

"दारच निघून गेलं."

"अण्णा, मला खरंच कळत नाय."

"मलाही कळत नाय. तालमीत मी स्वतः हिसका दिला होता." अण्णांनी लॉकवरून बोट काढलं. "जमिनीला लागली नाय, म्हणून हे पूर्ण धरत नाय. पुढच्या रविवारी सायखेडा. तिथं पडली, तर मग मला काही सांगू नको. योगेशला मी तयारी करून ठेवायला सांगतो."

उरलेला कार्यक्रम जीवनने निवेदकाच्या खुर्चीवर बसून वाजवला. बसून वाजवलं की गिटार दिसत नाही, आणि ऑर्केस्ट्रात न दिसणाऱ्या माणसाला लोक बोलवायचं विसरतात. बारा-तेरा वर्षांत हे त्याने तिघांच्या बाबतीत बघितलं होतं.

सोमवारी तो बाजारातून परत आला तेव्हा मंजुषा मोरीत होती. मोतिया शर्ट दगडावर पसरलेला.

"डाग परत आलाय," ती म्हणाली.

"मी डोक्याला तेल लावत नाय. तुझ्यासमोर सोडलं."

"तेच म्हणते. मग हे कुठून?" तिने खांद्याकडचा भाग वर धरला. डाग रुंद होता, सरळ कडांचा, खांद्यावरून पाठीकडे उतरणारा. "आणि गुरुवारचा तालमीचा शर्ट बघा. त्याला नाही. तालमीच्या शर्टाला कधीच फारसा नसतो. फक्त ह्यालाच."

जीवनने डाग बघितला. पट्ट्याच्या रुंदीचा होता. तो गोठ्यात गेला, खुंटीवरचा पट्टा काढून त्याने नाकाला लावला. चामड्याचा वास होता आणि त्याखाली तिळाच्या तेलाचा. नट जिथून निघाला होता ते भोक आता नुसतं भोक नव्हतं, लांबट फट झाली होती. त्याने अंगठ्याने कडा दाबली. पाण्यात भिजलेल्या भाकरीसारखी ती दबली.

तेल गुरुवारी नसतं आणि रविवारी असतं. मध्ये शुक्रवार आणि शनिवार. त्याच्या डोक्यात एवढंच आलं, त्यापुढे काही जुळेना. घरात तेलाला हात लावणाऱ्या आई आणि मंजुषा या दोघीच होत्या, आणि त्यांतली एक आत्ता तेल काढण्यासाठी शर्ट घासत होती.

पुढच्या शनिवारी त्याने भाजी घेऊन शेजाऱ्याला पाठवलं आणि स्वतः घरी थांबला. सकाळी आठच्या सुमारास त्याची आई सिंधुबाई गावातल्या मारुतीला गेली. रुईच्या पानांची माळ आणि वाटीत तेल, हा तिचा दर शनिवारचा नेम. परत आली तेव्हा वाटी तिच्या हातात होती. ती सरळ गोठ्यात गेली, खुंटीवरचा पट्टा काढला, उकिडवी बसली आणि वाटीत उरलेलं तेल बोटांनी चामड्याला चोळू लागली. भोकांच्या कडांना जास्त, आतूनसुद्धा.

"आई, काय करतीस?"

"दिसत नाय का? तेल देते."

"दर शनिवारी?"

"मग? सगळं तेल काय देवाला लागतं? उरतंच. देवाचं तेल का भाजीत घालू?"

"कधीपास्नं?"

"तुझे दादा गेले तवापासून. तवर तेच द्यायचे."

फकिरा विधाते वर्षापूर्वी वारले होते. जीवन टेम्पोच्या फळीला टेकला.

"दादा पोळ्याला द्यायचे. वर्षातून एकदा."

सिंधुबाईचा हात थांबला. "एकदाच?"

"एकदाच."

"मला काय म्हाईत? त्यांनी कवा सांगितलं नाय. मी येता-जाता बघायची, तेलाची वाटी आन् पट्टा." तिने पट्टा उलटा केला आणि पुन्हा चोळू लागली, आता जरा हळू. "चामडं कोरडं राह्यलं की तडकतं. तडकलं की तुझी ती गिटार पडंल. म्हणून तं घालते."

"ती त्यानंच पडते, आई."

"कशानं?"

"तेलानं."

"तेलानं?" ती हसली. "तेलानं कशी पडंल? बैलाचं कधी काय पडलं का?"

"बैलाला बक्कल होती. चामडं ताणलं तरी बक्कल धरून ठेवायची. इथं नुसतं भोक हाय. तेलानं ते मऊ होतं, मोठं होतं. ताजं तेल असलं की बटणावरून घसरतं."

सिंधुबाईने विचार केला. "मग तू बी बक्कल लाव की."

दोन महिन्यांत ढोलकीवाला, योगेश, अण्णा आणि दुकानदार यांच्यापैकी कुणी बक्कल म्हणालं नव्हतं. ती चालली असती का, चामडं इतकं गेल्यावर बक्कल तरी धरेल का, गिटारला बक्कल कुठे लावतात, हे सगळे नवे प्रश्न होते आणि सायखेडा दुसऱ्या दिवशी होतं.

"तूर्त नको," तो म्हणाला.

"मग हे घालू का नको?" तिने वाटी पुढे केली. तळाला थोडं तेल होतं.

"घाल. उरलंय तेवढं घाल."

त्याच दुपारी तो मेन रोडवर गेला आणि नायलॉनचा पट्टा घेतला. काळा, साधा, टोकांना दुहेरी शिवण. दुकानदाराने विचारलं, "चामड्याचा असताना नायलॉन कशाला?"

"चामड्याला तेल लागलंय."

"मग पुसा."

"वर्षभर लागलंय."

दुकानदाराला काही बोध झाला नाही, पण त्याने नट स्वतः आवळून दिला, आणि आवळताना हेही सांगितलं की नायलॉनमध्ये हे लॉक टिकतं असं ऐकलंय, स्वतः बघितलेलं नाही.

रविवारी सायखेड्याला शाळेच्या पटांगणात स्टेज होतं. गोदावरी तिथून जवळ, संध्याकाळी पाण्यावरून गार वारा येत होता. योगेशने कीबोर्डावर बेसचा आवाज लावून ठेवला होता आणि जीवनकडे बघून खांदे उडवले. अण्णा एरवी कडेला पाहुण्यांशी बोलत उभे असतात. त्या दिवशी ते पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत जीवनच्या समोर उभे राहिले आणि त्यांनी गिटारच्या वरच्या टोकावरून नजर काढली नाही. जीवनही तिथेच बघत होता. त्यामुळे तो दोन ठिकाणी चुकला. योगेशखेरीज ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

गिटार राहिली. नवव्या गाण्यानंतर अण्णांनी स्टेजवर येऊन, लोकांसमोरच, पट्ट्याला एक हिसका दिला. तरीही राहिली.

सामान गाडीत चढवताना अण्णा त्याच्याशेजारी येऊन थांबले.

"काय होतं मग?"

"तेल."

"कसलं तेल?"

"मारुतीचं."

जीवनने सगळं सांगायचा प्रयत्न केला: शनिवार, वाटी, दादा, पोळा, बैलाची बक्कल. सांगताना त्याचं त्यालाच ते नीट लागेना. अण्णांनी मध्येच हात वर केला.

"राहू दे. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा लागल्यात, तूच यायचं. पण हे मारुतीचं कार्यक्रम देणाऱ्या पार्टीला सांगू नको." गाडीत बसताना ते पुन्हा वळले. "आणि पडली नाय ती लॉकमुळं का पट्ट्यामुळं?"

"ते नाय सांगता येणार," जीवन म्हणाला.

योगेश मागून म्हणाला, "सुटलो बुवा," आणि डावा हात झटकला.

मंगळवारी संध्याकाळी जीवन गोठ्यात टेम्पोत पोती भरत होता. दिवाळी दोन दिवसांवर आली होती आणि झेंडूचा दुसरा तोडा निघाला होता. खुंटीवर बैलाचा पट्टा होता, शनिवारच्या तेलाने अजून ओलसर. त्याच्या शेजारी काळा नायलॉनचाही अडकवलेला होता. जीवननेच रविवारी परत आल्यावर सवयीने तो तिथे ठेवला होता. सिंधुबाई दिवा लावायला आली. तिने नायलॉनचा पट्टा दोन बोटांत धरून चाचपला, वास घेतला.

"ह्याला घालायचं का?"

"काय?"

"तेल."

जीवनने पोत्याचं तोंड बांधलं. नायलॉनला तेलाने काय होतं ते त्याला माहीत नव्हतं. दुकानदारालाही माहीत असेल असं वाटत नव्हतं. त्याने पट्टा खुंटीवरून काढला, गुंडाळून गिटारच्या पिशवीत कोंबला आणि पिशवीची चेन अर्ध्यावर अडकली.

"शनिवारी बघू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, आठवडे बाजार भरतो, आणि पोती तिथे जायची होती.